हाडांचं मचाण

मातिनेन आत्याला गावातली पोरं हाडंवाली म्हणायची, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. हिवाळा उतरणीला लागला, धरणाच्या रस्त्यावर पिकअपची ये-जा वाढली, की ती पोतं घेऊन घराबाहेर पडायची. कॅरिबूंचा, म्हणजे उत्तरेकडच्या मोठ्या रानहरणांचा, कळप जिथं रस्ता ओलांडतो तिथं बंदूकवाले आधीच जाऊन थांबलेले असत. गाडीच्या हौद्यात उभं राहून गोळ्या घालायचे, मागच्या मांड्या आणि पाठीचं मांस कापून घ्यायचे, गुडघ्याखालचे पाय तिथंच टाकून निघून जायचे. मग बर्फाच्या ढिगातून नुसते खूर वर आलेले दिसायचे. आत्या ते पाय उपसून काढायची. गोठलेले पाय पोत्यात एकमेकांवर आपटले की सरपणासारखे वाजायचे.

"आत्या, आमच्याही नळ्या ने की," एखादा काच खाली करून ओरडायचा.

"नेते की. तुज्या बी नेईन, पर आदी मर तरी, मुडद्या."

पोरं हसायची. तीही हसायची. गाडी वळणापलीकडं गेली की हसू आवरून पुन्हा वाकायची.

तिच्या घरामागं, तळ्याच्या काठाला, स्प्रूसच्या चार खोडांवर मचाण बांधलेलं होतं. कितीही उडी मारली तरी कुत्र्याचं तोंड पोचू नये एवढं उंच. कॅरिबूची हाडं मचाणावर, बीव्हरची पाण्यात, अस्वलाची कवटी झाडाला. आम्हा इन्नू लोकांमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि थंडीत शिडी लावून चढणं वेगळं. चढणारी ती एकटीच उरली होती.

मी तिच्या भावाची मुलगी. माझ्याजवळ गाडी होती आणि घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, म्हणून तिला रस्त्यावर सोडायचं आणि आणायचं काम माझ्याकडं आलं. येताना पोतं मागं टाकून ती माझ्या शेजारी बसायची. हात हीटरवर धरून बोलायची. एका कुत्रीची गोष्ट तिनं मला त्या गाडीतच सांगितली.

तेव्हा ती लहान होती. घरं नव्हती, धरण नव्हतं, हिवाळाभर रानात तंबू. तिच्या बापाला, म्हणजे माझे आजोबा एतुआत यांना, कळप गाठ पडला होता. भरपूर मिळालं होतं, म्हणून मुकुशानचं जेवण ठेवलं. सगळ्या नळ्या जाणत्या पुरुषांनी फोडायच्या, कुटायच्या, उकळायच्या, वर आलेली चरबी गार करून तिची पांढरीशुभ्र वडी करायची आणि सगळ्यांनी मिळून खायची. त्या दिवशी तंबूत एक थेंब सांडायचा नाही, हाडाचा कण बाहेर जायचा नाही. आणि कुत्री बांधून ठेवायची.

तिच्या लाडक्या एककानी कुत्रीच्या मानेला दोरीनं जखम झाली होती. आत्याला दया आली. हिनं गाठ सैल केली.

"नळी घेऊनच पळाली रांड," आत्या म्हणाली. "कडाकडा फोडून खाल्ली, समद्यांच्या देखत. बाबा काय बोलला न्हाई. उठला, कुऱ्हाड उलटी धरली, येकच घाव. मग मला म्हणाला, पाय धर हिचे. म्या मागचे पाय धरले. त्यानं पोट फाडलं, आत हात घातला, येक येक तुकडा काडला, बर्फानं पुसला, मचाणावर नेऊन ठेवला. धन्याचं हाड धन्याला."

कॅरिबूंना धनी आहे. उत्तरेकडच्या डोंगरात असतो. जनावर आपण मारत नाही, तो देतो. हाडं नीट परत आली की त्यांच्यावर पुन्हा मांस चढवतो. आणि आपल्या जनावराचा कोणी अपमान केला, की मूठ मिटून घेतो.

त्या वर्षी त्यानं मूठ मिटली. कळप दिसेना. ससे संपले, मासे लागेनात. आत्याच्या आईचं दूध आटलं आणि तंबूतलं तान्हं पोर गेलं. "तुझ्यामुळं झालं" असं आत्याला कोणी म्हणालं नाही. "तुझ्यामुळं नव्हे" असंही कोणी म्हणालं नाही.

पुढं तिचं लग्न झालं शुशेपशी. अबोल माणूस, पण माग काढण्यात पक्का. मग धरण आलं. पाणी चढलं, जुन्या जागा बुडाल्या, पुरलेली माणसं बुडाली, मचाणं बुडाली. सरकारनं घरं दिली, शुशेपनं घरात बसून दारू धरली, आणि एका वसंतात तो पातळ बर्फावरून चालत गेला तो परत आला नाही. मागं राहिली जुनी बंदूक, जाळीच्या बर्फजोड्यांचा एक जोड आणि मुलगा, उनियाम.

उनियामचा नेम बापापेक्षा सरस होता. एवढंच बापाचं त्याच्यात उतरलं होतं. धरणाचं काम संपलं तसं त्याचंही संपलं. कळप आला की तो मित्रांबरोबर रस्त्यावर, नाही आला की घरात टीव्हीपुढं. वाईट नव्हता. आईसाठी लाकडं फोडायचा, मला "आक्का, टायर बघतो तुझे" म्हणायचा. पण आई हाडं वेचते याची त्याला लाज वाटायची, आणि लाज वाटली की तो सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

त्या मार्चमध्ये एका दुपारी मी आत्याकडं चहाला बसले होते. उनियाम दोन मित्र घेऊन आला. हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले. आत्या चहा ओतत होती.

"काय मजा आली, आक्का," तो बूट काढता काढता म्हणाला. "एक मादी होती. ह्यानं गाडी हलवली न् माझा नेम चुकला. गोळी अशी जबड्यात. जबडा तुटून लोंबायला लागला तिचा, असा," त्यानं स्वतःचं तोंड वाकडं करून खालचा ओठ लोंबता करून दाखवला. "आणि बघतेय आमच्याकडं. फादर प्रवचनात डुलकी लागल्यावर दिसतात ना, अगदी तशी!"

मित्र खिदळले. एकाच्या नाकातून चहा आला.

आत्यानं किटली खाली ठेवली.

"कुटं ग्येली ती?"

"कोण?"

"जिला बगून हसताय ती."

"गेली रानात. तळं ओलांडून." उनियामचं हसू अर्धं राहिलं. "आई, एक मादी गं. तिथं डोंगरच्या डोंगर हलतोय कॅरिबूंचा."

"गाभण व्हती?"

"मार्च चाललाय, आई. सगळ्याच गाभण आहेत."

"मग ऊठ. अजून उजेड हाय."

"आत्ता? वारा बघ बाहेर! सकाळपर्यंत मरेल ती आपली आपण."

"जबडा फुटलेलं जनावर सकाळपर्यंत मरत न्हाई, उनियाम. ते चालतं. भूक लागती, तोंड घालतं, खाता येत न्हाई. पुन्यांदा चालतं. तुज्या बापानं असलं जनावर कदी मागं सोडलं न्हाई."

"बापाचं सांगू नको. बाप स्वतःच मागं राहिला."

मित्रांनी बूट चढवले आणि ते हळूच निघून गेले. आत्या मुलाकडं बघत राहिली. चिडली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली होती.

"माज्या हातनं येक कुत्री सुटली व्हती," ती म्हणाली. "बाबानं तिचं पोट फाडून हाड परत केलं, तरी धन्यानं आमचं पोर न्हेलं. आता तू हसलास. कुत्रीचं पोट फाडता येतं रं. तुजं काय फाडू मी?"

उनियाम उठून आतल्या खोलीत गेला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

सकाळी उजाडताच आत्या माझ्या दारात. खांद्यावर शुशेपची बंदूक, काखेत बर्फजोडे, छोटा तंबू आणि पत्र्याची चूल लादलेली घसरगाडी मागं ओढत आणलेली.

"मला रस्त्यावर सोड, पोरी. फुडं तुला यायची गरज न्हाई."

"आत्या, तुझं वय काय, साखर किती! डॉक्टर काय म्हणाले?"

"डाक्टर म्हणाला चालत जा. चालायलाच निगालेय."

तिला एकटीला सोडवेना. मीही जोडे घेतले.

जागा सापडायला वेळ लागला नाही. डोमकावळे बसलेले होते, पाय इतस्ततः पडलेले. आत्यानं त्या पायांना हात लावला नाही. "तुमच्यासाटी येते माघारी," एवढं म्हणाली आणि तळ्याकडं वळली. वाऱ्यानं माग बराचसा पुसला होता. पण थेंब होते. बर्फात खोल रुतून गोठलेले, बोरासारखे लाल. कळपाचा रुंद माग सरळ पुढं गेला होता आणि हा एकटा माग बाजूला फुटला होता.

तळ्यावर मध्येच आत्याचा एक पाय खचला. वरचा बर्फ भुसभुशीत, खाली दडलेलं पाणी. ती चटकन बाहेर आली, जोडा झटकला.

"आत गेलं का पाणी?"

"न्हाई गं. वरवर लागलं. चल."

पलीकडच्या रानात आम्हाला पहिला खड्डा दिसला. कॅरिबू बर्फ उकरतात, खालचं दगडफूल खातात, पुढं जातात. हा खड्डा उकरलेला होता, जमिनीपर्यंत. दगडफूल जिथल्या तिथं, फिकट, मऊ. फक्त त्यावर रक्ताची लाळ सांडून गोठली होती. मादीनं तोंड घातलं होतं आणि काहीच उचलता आलं नव्हतं.

थोडं पुढं दुसरा खड्डा, तसाच. मग आणखी एक. मग तर थोड्याथोड्या अंतरावर. सगळे नीट उकरलेले, एकाही खड्ड्यातलं कणभर खाल्लेलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी आत्या थांबायची, वाकून हातमोज्यानं दगडफुलावरची लाल लाळ झाकून घ्यायची. जणू जेवताना कोणाचं सांडलं, तर ते दुसऱ्यानं बघू नये.

"आत्या, नुसती पुढं चालू या ना."

"चालतेच हाय की." पण पुढच्या खड्ड्यापाशी पुन्हा थांबली.

ऊन कलायला लागलं तसा आम्ही झाडांच्या आडोशाला तंबू टाकला. डहाळ्या अंथरल्या, चूल पेटवली. तिनं मोजा काढला नाही. मी म्हटलं, वाळत घाल. ती म्हणाली, कोरडा आहे. चहा पिता पिता तिनं पायावर शाल ओढून घेतली.

"माघारी न्यायचा इचार दिसतोय तुजा," ती म्हणाली. "मनातबी आणू नगंस."

"सापडली नाही तर?"

"सापडंल. तिला बी कुणीतरी यायला हवंय."

"आणि सापडली तर? धनी माफ करतो?"

तिनं चुलीत एक लाकूड सारलं. "ते मला कसं ठावं? बाबानं हाड परत केलं तरी पोर ग्येलंच ना. पर न केलं असतं तर आमी समदीच ग्येलो असतो. उनियाम येकलाच हाय मला."

सकाळी स्किडूचा, बर्फावर चालणाऱ्या मोटारगाडीचा, आवाज आला. उनियाम होता. दाढीवर बर्फ, डोळे लाल.

"वेड लागलंय का तुम्हाला!" तो तंबूच्या तोंडाशीच ओरडायला लागला. "गावभर शोधतोय! आक्का, तुला तरी अक्कल? म्हातारीला घेऊन इथं?"

"मी नाही घेऊन आले. ती मला घेऊन आली."

"उतर त्या खेचरावरनं," आत्या म्हणाली. ती स्किडूला खेचर म्हणायची. "हितनं फुडं चालत. आवाजानं पळंल ती, आन् पळायचं बळ न्हाई तिच्यात."

"आई, घरी चल."

"चलते. ती सापडली की."

"आणि नाही सापडली तर?"

"तर तू जा."

तो गेला नाही. आईच्या मागून चालायला लागला, आणि पहिल्याच खड्ड्यापाशी थांबला. मी बघत होते. त्यानं न खाल्लेलं दगडफूल बघितलं, वरचं रक्त बघितलं. खालचा ओठ हातमोज्यानं पुसला आणि पुढं झाला. पुढच्या खड्ड्यापाशी त्यानं मान वळवली. नंतर तो आमच्याही पुढं गेला. माग काढण्यात तोही पक्का निघाला, बापासारखा. हे आम्हाला तेव्हा कळलं.

मादी एका ओढ्याच्या खोलगट जागेत उभी होती. दोन डोमकावळे वरच्या फांदीवर, वाट बघत. दोन रात्रींत ती आकसून गेली होती. जबडा एका बाजूनं गोठून कडक झालेला, जीभ बाहेर, काळी. पोट मात्र भरलेलं, वासराचं. तिनं आमच्याकडं बघितलं. पळाली नाही.

आत्यानं बंदूक उनियामपुढं धरली.

"तू मार," तो कुजबुजला. "माझे हात बघ."

"बगितले. तूच."

"आई..."

"हसताना हात हलत नव्हते तुजे."

एवढं कठोर ती मुलाशी कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं. त्यानं बंदूक घेतली. गोळी नीट लागली. मादी गुडघ्यावर आली, मग कुशीवर.

आत्या तिच्यापाशी जाऊन बसली. तिच्या डोक्याखाली डहाळ्या सारल्या, तोंडावरचं रक्त बर्फानं पुसलं आणि तुटलेला जबडा जागेवर बसवून आपल्या डोक्यावरच्या रुमालानं बांधला. आमच्यात मेलेल्या माणसाचा जबडा बांधतात, तसा. मग ती तिच्या कानाशी काहीतरी बोलली. ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

उनियामनं सोलायला घेतलं. पोटातलं वासरू आत्यानं डहाळ्यांत गुंडाळून झाडाच्या बेचक्यात ठेवलं. मांस नावाला होतं, पण एक तुकडा सोडला नाही. शेवटी तिनं पुढच्या पायाची नळी घेतली, दगडावर ठेवली आणि कुऱ्हाड उलटी धरून फोडली. ते काम बायकांचं नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण आता ते करणारा कोणी जाणता पुरुष उरला नव्हता.

चांगल्या जनावराच्या नळीत पांढरी, घट्ट चरबी असते. या नळीतून लाल पाणी निघालं. पातळ, जेलीसारखं. उपाशी जनावर आधी पाठीची चरबी जाळतं, मग पोटाची, आणि सगळ्यात शेवटी नळीतली. त्यापुढं काही नसतं. या मादीकडं आधीपासूनच फारशी नसावी. मला पहिल्यांदा कळलं, की त्या वर्षी डोंगरच्या डोंगर हलत होता, तो रिकाम्या नळ्यांचा होता.

आत्यानं ते लाल पाणी कपात धरलं, डहाळ्यांच्या जाळावर जरा गरम केलं आणि उनियामला दिलं.

"हे मुकुशान?" तो म्हणाला.

"धनी द्येतो ते खायाचं."

तो प्याला. ओकारी आली ती परतवून प्याला. कप चाटून पुसला. एक थेंब सांडू दिला नाही. मग सगळी हाडं त्यानं मोजून, वेचून पोत्यात भरली, खूरसुद्धा.

आत्या उठायला गेली आणि बसली. तेव्हा मी जबरदस्तीनं तिचा मोजा काढला. बोटं मेणासारखी पांढरी होती. दाबली तर तिला कळलंसुद्धा नाही.

पुढचं झपाट्यानं झालं. बोटं काळी पडली. साखरेमुळं जखम भरेना. खाली शहरातल्या दवाखान्यात आधी बोटं काढली, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. शुद्धीवर आल्यावर तिनं पांघरूण चाचपलं आणि मला म्हणाली, "इचार त्यास्नी, माजा पाय कुटं ठेवला."

मी नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, जाळतात, तशीच पद्धत आहे.

मी आत्याला सांगितलं. पायाच्या जागचं रिकामं पांघरूण तिनं हातानं सपाट केलं. मग हसली. "म्या पोरांस्नी म्हणायची, तुमच्या बी नळ्या नेईन. माजीच कोन घेऊन ग्येलं बग."

ती त्यानंतर दोन हिवाळे काढून गेली. खिडकीपाशी बसायची, मचाण दिसेल अशी. पहिल्या हिवाळ्यात कळप रस्त्याकडं फिरकला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तर शिकारच बंद झाली, कारण विमानातून मोजणारे म्हणाले, कॅरिबू उरलेच नाहीत. त्यांच्याजवळ कारणं होती: धरण, रस्ते, आजार, उपासमार. मी ती खोटी म्हणणार नाही. उनियाम बंदीच्या आधी रोज रानात जायचा, एकटा, पायी, बापाचे जोडे घालून. एकही गोळी न झाडता परत यायचा. आत्या विचारायची नाही. तो दारात दिसला की त्याच्या रिकाम्या हातांकडं बघायची आणि चहा टाकायला मला सांगायची. मूठ मिटली होती. त्याच्यासाठी की सगळ्यांसाठी, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्याच घोरात ती गेली.

दफनानंतरचं जेवण सामाजिक सभागृहात होतं. म्हातारं माणूस गेलं की कॅरिबूचं मांस हवं. कोणाच्याही फ्रीजरमध्ये नव्हतं. दुकानातून कोंबड्या आणल्या, भट्टीत भाजलेल्या, प्लास्टिकच्या डब्यातल्या. लोक जेवले. चांगलं बोलले तिच्याविषयी. जी पोरं तिला हाडंवाली म्हणायची, त्यांनी सगळ्यात जास्त खाल्लं.

ताटं उचलायची वेळ आली तसा उनियाम उठला. एक मोठा टोप घेतला आणि टेबलाटेबलाशी जाऊन हाडं गोळा करायला लागला. कागदाच्या थाळीतली, पोरांच्या मुठीतली, टेबलाखाली पडलेली. "थांब रे, त्याला अजून मांस आहे," एकजण म्हणाला. "मग खा," उनियाम म्हणाला आणि तो खाईपर्यंत उभा राहिला. दारात कुत्री जमली होती. त्यानं पायानं मागं सारली.

मग तो टोप धरून माझ्यापाशी आला. टोप भरला होता. बारीक, ठिसूळ, पिवळट हाडं.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "कॅरिबूची मचाणावर. बीव्हरची पाण्यात. ह्यांची कुठं ठेवायची?"

मी आजूबाजूच्या म्हाताऱ्यांकडं बघितलं. त्यांनी थाळीत नजर घातली. ज्या कोंबडीला कोणी रानात बघितलं नाही, कुठल्या धन्यानं ती दिली आणि परत कोणाला करायची, हे आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तिलाच असतं.

तो कोट न घालता बाहेर पडला. सभागृहाच्या खिडकीतून आत्याचं मचाण दिसतं; मी तिथून बघत होते. टोप पोटाशी धरून तो आत्याच्या घरामागं गेला, शिडी लावली, वर चढला. मचाणावर त्या मादीची हाडं होती, कवटी उगवतीकडं तोंड केलेली, जबडा अजून रुमालानं बांधलेला. तिच्यापासून थोडं लांब, कडेला, त्यानं कोंबडीची हाडं एकेक करून मांडायला घेतली. खाली कुत्री वर बघत बसली होती. वारा सुटला होता आणि हाडं इतकी हलकी होती, की ठेवलेली पुन्हा खाली पडत होती. तो उतरायचा, कुत्र्यांच्या तोंडातून काढायचा आणि पुन्हा चढायचा.